दोन लाइन, एक राउटर: ओपनडब्ल्यूआरटी काही महिने वापरल्यानंतर

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर मूळ सॉफ्टवेअरऐवजी बसवायची मुक्त प्रणाली. तिच्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काय, तर तिचा लॉग, म्हणजे राउटर काय करतोय याची नोंदवही. वेग आणि वाय-फायची रेंज मुख्यतः हार्डवेअरवर ठरते, त्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण नेट गेल्यावर ते नेमकं कुठे अडलंय हे कळणं, हे माझ्यासाठी वेगापेक्षा मोठं आहे. पुष्कळ घरगुती राउटर अशा वेळी लाल दिव्यापलीकडे फारसं काही सांगत नाहीत.

माझ्याकडे मुख्य लाइन फायबरची, पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडणी करायची पद्धत) चालणारी. दुसरी राखीव, वेगळ्या कंपनीची; तिच्या मोडेमकडून डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, पत्ता मिळतो.

दुसरी लाइन जोडताना एक गोष्ट आधीच करून घ्या. ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा पत्ता मुळात १९२.१६८.१.१ असतो आणि बऱ्याच मोडेमचाही तोच. दोन्हीकडे एकच सबनेट (पत्त्यांचा गट) आलं की राउटरला वॅन (इंटरनेटची बाजू) कुठली आणि लॅन (घरातली बाजू) कुठली हे ठरवता येत नाही. लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काहीतरी वेगळा ठेवला की प्रश्न मिटतो.

आता लॉगबद्दल. मध्यंतरी फायबर बंद पडली. कंपनीच्या मदत केंद्राने राउटर बंद-चालू करायला सांगितलं, मग पासवर्ड पुन्हा टाकायला सांगितला. लॉगमध्ये मात्र एकच ओळ परत परत येत होती: पीएडीओ पॅकेटची वाट पाहून वेळ संपली. पीपीपीओईत राउटर आधी पीएडीआय पाठवून 'कोणी आहे का' असं विचारतो आणि पलीकडचा सर्व्हर पीएडीओने उत्तर देतो. युजरनेम-पासवर्डची पाळी त्यानंतर पुष्कळ उशिरा येते. उत्तरच येत नसेल तर पासवर्ड बदलून काय होणार? दोष केबलमध्ये, ओएनटीत (फायबर जिथे येते तो कंपनीचा डबा), व्हीलॅन क्रमांकात (एकाच केबलवरची वाहतूक वेगळी ठेवणारा क्रमांक) किंवा पलीकडे असणार. हे नीट सांगितल्यावर त्यांनी तपासलं, तेव्हा त्यांच्या बाजूला व्हीलॅन बदलल्याचं निघालं. याउलट लॉगमध्ये ऑथेंटिकेशन फसल्याचं दिसलं, तर लाइन शाबूत आहे आणि गडबड खात्यात आहे, असं समजावं.

सगळ्यात चकवणारा प्रश्न एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. पिंग व्यवस्थित, काही साइट झटकन उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ च उरतात. पॅकेट मोठं आहे हे सांगणारा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारी पद्धत) निरोप वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने अडवला, तर सर्व्हर मोठीच पॅकेट पाठवत बसतो आणि ती पोचत नाहीत. तपासायचं असेल तर तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटचे हेडर मिळवले की बरोबर १४९२ होतात. तो जातो आणि १४६५ चा अडतो, तर एमटीयू ठीक आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या मूळ वॅन झोनमध्ये (फायरवॉलचे नियम लागू होणारा गट) एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पॅकेट आधीच लहान ठेवायला लावणारी सोय, आधीच चालू असतं. पण दुसऱ्या वॅनसाठी स्वतंत्र फायरवॉल झोन केलात, तर तिथे ते स्वतः चालू करावं लागतं.

दोन लाइन सांभाळायला एमवॅन३ हे पॅकेज वापरतो. नुसती केबल जोडलेली आहे एवढ्यावर ते विसंबत नाही, हा त्याचा खरा गुण. ओएनटीचा दिवा हिरवा, सत्र चालू, आणि तरी पुढे काही जात नाही, असं अनेकदा होतं. एमवॅन३ ठरलेल्या पत्त्यांना सतत पिंग करतं आणि उत्तरं थांबली की वाहतूक दुसऱ्या लाइनवर नेतं. पिंगसाठी किमान दोन वेगवेगळ्या संस्थांचे पत्ते द्या, नाहीतर एकाचा सर्व्हर रुसला तरी तुमची धडधाकट लाइन बंद समजली जाईल. प्रत्येक वॅनला वेगळं मेट्रिकही (मार्गाचा प्राधान्यक्रमांक) द्यायलाच हवं.

लोड बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही लाइनवर वाहतूक वाटणं, मात्र मी बंद ठेवलंय. दोन्ही लाइनचे बाहेरचे पत्ते वेगळे, त्यामुळे मधेच पत्ता बदलला की काही साइट लॉगआउट करतात. एक मुख्य, एक राखीव, हीच मांडणी घरासाठी चांगली. लाइन तुटल्यावर जुन्या कनेक्शनच्या नोंदी पुसण्याची सोय आहे, ती चालू करा. नाहीतर काही ॲप मेलेल्या वाटेलाच चिकटून राहतात. व्हिडिओ कॉल क्षणभर तुटतोच, ते टाळता येत नाही.

राखीव लाइनवर घरातला कॅमेरा बाहेरून दिसत नाही. तिचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आहे, म्हणजे कंपनीच सामायिक नॅटच्या (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) मागे ठेवते. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरची विनंती घरातल्या उपकरणाकडे वळवणं) वेळ घालवू नका.

अपलोड चालू असताना कॉल अडखळत असतील तर एसक्यूएममध्ये (रांगेत अडकलेली पॅकेट सांभाळणारी सोय) केक ही पद्धत निवडा आणि वेगमर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवा. फरक लगेच जाणवतो. पण हे काम प्रोसेसरवर पडतं, आणि फ्लो ऑफलोडिंग (वेगासाठी पॅकेट नेहमीच्या वाटेऐवजी जवळच्या वाटेने नेणं) चालू असेल तर एसक्यूएमला वळसा घातला जाऊ शकतो. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या राउटरवर तर हे सगळं विसराच.

अपग्रेड करताना सेटिंग टिकतात, वरून टाकलेली पॅकेज मात्र नेहमीच्या पद्धतीत जातात. एमवॅन३ परत उतरवायला नेट लागतं, म्हणून दोन्ही लाइन ठणठणीत असतील त्या दिवशीच अपग्रेड करावं, आणि त्याआधी बॅकअपची फाइल संगणकावर काढून ठेवावी.