लाल स्टिकर लावून गळ्यात मारलेला बॉयलर

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. थंडी सुरू झाली की सगळ्यांना घर आणि पाणी तापवणाऱ्या बॉयलरच्या सर्व्हिसिंगची आठवण होते. आमची फसवणूक त्या सर्व्हिसिंगपासूनच सुरू झाली.

आमचं घर लंडनच्या वायव्य भागात, १९३०च्या दशकात बांधलेलं सेमी-डिटॅच्ड. आधीच्या मालकांच्या वेळचा, जमिनीवर उभा, ओतीव लोखंडाचा बॉयलर आणि वरच्या कपाटात गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर. बॉयलरच्या पाटीवर ८०,००० बीटीयू लिहिलं होतं, म्हणजे साधारण २३ किलोवॅट. जुना होता, गॅस जास्त खायचा, पण चालत होता. स्वस्त सर्व्हिसिंगची जाहिरात बघून एका कंपनीला बोलावलं. ऐन जानेवारी होता, घरात तान्हं बाळ, आणि बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाई.

आलेल्या माणसानं झाकण उघडलं, टॉर्च मारली आणि पाचेक मिनिटांत मला बोलावलं. ‘हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला) तडा गेलाय, कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, लहान मूल आहे ना तुमच्याकडे?’ त्यानं ‘धोका, वापरू नका’ असा लाल स्टिकर चिकटवला आणि गॅस बंद केला. वर हेही सांगितलं की असले नॉन-कंडेन्सिंग (धुरातली उष्णता वाया घालवणारे) बॉयलर वापरणं आता बेकायदेशीर आहे. हे धादांत खोटं होतं. एप्रिल २००५पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवीन बसवायचा गॅस बॉयलर काही अपवाद सोडता कंडेन्सिंग लागतो, पण आधीपासून असलेला सुरक्षित बॉयलर वापरायला कुठलीही बंदी नाही.

संध्याकाळी त्याच कंपनीचा विक्रेता हजर. घर गारठलेलं, सासूबाई दोन शाली पांघरून बसलेल्या. त्यानं रेडिएटर मोजले, बाथरूम मोजल्या आणि ४२ किलोवॅटचा कॉम्बी (टाकीशिवाय, नळ उघडताच पाणी तापवणारा) बॉयलर सुचवला. ‘मोठा घेतला की कधी कमी पडणार नाही.’ सिलिंडर काढून टाकायचा, रेडिएटरची यंत्रणा पॉवर फ्लश करायची (जोरात पाणी सोडून आतला गाळ धुवायचा), आणि आज सही केली तरच सवलत. सगळं मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर. फॉर्मवर ‘ग्राहकानं तातडीनं काम सुरू करायला सांगितलं आहे’ या ओळीपुढे टिक आधीच केलेली होती. घरी येऊन केलेला करार १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क लंगडा करायला ती टिक होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बॉयलर बसला. जुना बॉयलर आणि तांब्याचा सिलिंडर ते व्हॅनमध्ये घालून घेऊन गेले. तडा खरंच होता का, हे आता कधीच सिद्ध होणार नाही, कारण पुरावाच त्यांच्याकडे गेला.

घर गरम झालं, पण वसंतात विचित्र प्रकार सुरू झाला. बॉयलर पेटायचा, दोन-तीन मिनिटांत विझायचा, पुन्हा पेटायचा. दिवसभर हेच. खालचे रेडिएटर तळाशी गार. बिल म्हणावं तसं उतरलं नाही. कंपनीचं उत्तर एकच, ‘नॉर्मल आहे.’ शेवटी शेजारच्या गुजराती काकांनी त्यांच्या ओळखीचा, एकट्यानं काम करणारा, ‘गॅस सेफ’ या गॅसकामाच्या अधिकृत नोंदणी संस्थेकडे नोंदलेला इंजिनिअर पाठवला.

त्यानं आधी घर मोजलं. भिंती, खिडक्या, माळ्यावरचं इन्सुलेशन. बाहेर कडाक्याची थंडी असताना आमच्या घराला लागणारी उष्णता त्यानं काढली, ती आली सुमारे ८ किलोवॅट. जुना २३चा बॉयलरही मोठाच होता. तो बसवला तेव्हा खिडक्यांना एकेरी काच होती आणि माळा उघडा होता. नव्या ४२च्या बॉयलरची कमीत कमी ज्योतच ८ किलोवॅटच्या आसपास. मग एप्रिलमध्ये, जेव्हा घराला जेमतेम तीन किलोवॅट हवे असतात, तो विझण्यापलीकडे करणार काय? त्यात रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ८० अंशांवर ठेवलेलं. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ द्रवते आणि खरी बचत होते. आम्ही पैसे कंडेन्सिंगचे भरले आणि तो चालत होता जवळजवळ जुन्यासारखा.

‘पण आंघोळीच्या पाण्याला मोठा लागतो ना?’ मी विचारलं. कॉम्बीच्या बाबतीत हे खरं आहे. मिनिटाला १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला सुमारे २४ किलोवॅट लागतात, ४२मध्ये १७ लिटर तापेल. त्यानं स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली धरली. आमच्या घरात मिनिटाला ११ लिटरच पाणी येतं. जे पाणी येतच नाही ते तापवायची ताकद आम्हाला विकली होती! सिलिंडर ठेवला असता तर १२ ते १५ किलोवॅटचा साधा बॉयलर पुरला असता.

मग त्यानं एका रेडिएटरमधलं पाणी काढलं. शाईसारखं काळं. सहाशे पौंडांचा पॉवर फ्लश झालाच नव्हता. बॉयलरच्या पुस्तिकेतला बेंचमार्कचा तक्ता, ज्यात गॅसचा दाब, ज्वलनाचे आकडे लिहायचे असतात, तो कोरा. आणि नवीन बॉयलरची नोंद ३० दिवसांत होऊन बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र घरी यायला हवं, तेही आलं नव्हतं. घर विकताना वकील हा कागद मागतात.

आता पुढच्यांसाठी. कुणी तुमच्या बॉयलरला लाल स्टिकर लावला तर बॉयलर चालू करू नका, जिवाशी खेळ नको. पण लेखी वॉर्निंग नोटीस मागा, त्यात नेमका दोष लिहिलेला हवा. फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझरची (बॉयलरचा धूर तपासणाऱ्या यंत्राची) छापील पट्टी आणि तड्याचा फोटो मागा. गॅस सेफचं ओळखपत्र मागच्या बाजूनेही बघा, कोणत्या कामाची परवानगी आहे ते तिथे असतं. मग इलेक्ट्रिक हीटर आणून एक-दोन दिवस काढा आणि बॉयलर न विकणाऱ्या दुसऱ्या इंजिनिअरला दाखवा. तोवर जुना बॉयलर घराबाहेर जाऊ देऊ नका. नवीन घ्यायचाच असेल तर खोलीवार उष्णतेचा हिशोब कागदावर मागा. नुसते रेडिएटर मोजणाऱ्याला परत पाठवा. पैसे बँक ट्रान्सफरनं देऊ नका. निदान काही रक्कम क्रेडिट कार्डानं द्या. किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,०००पर्यंत असेल तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट) कलम ७५प्रमाणे कार्ड कंपनीही जबाबदार असते.

आमची अनामत कार्डावर होती म्हणून वाट सापडली. नव्या इंजिनिअरचा लेखी अहवाल आणि काळ्या पाण्याचे फोटो पाठवल्यावर फ्लशचे पैसे कार्ड कंपनीनं परत केले. गॅस सेफकडे तक्रार केल्यावर प्रमाणपत्रही आलं. बाकीच्या रकमेचा दावा अजून चालू आहे. दरम्यान त्या इंजिनिअरनं यंत्रणा खरोखर धुतली, गाळ पकडणारा चुंबकाचा फिल्टर बसवला, हीटिंगची ताकद सेटिंगमधून जितकी खाली येते तितकी आणली आणि पाणी ५५ अंशांवर ठेवलं. पेटणं-विझणं बरंच कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. ज्योत ८च्या खाली जातच नाही, त्याला तोही काही करू शकत नाही. तुमच्यापैकी कुणी आत्ता अशाच कचाट्यात असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनला ०८०८ २२३ ११३३वर फोन करा, ते तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (फसव्या व्यापाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या सरकारी विभागाकडे) पोचवतात.