अंगठ्याची गाठ: सिलिकॉनची गादी घ्या, रात्रीचा स्प्लिंट राहू द्या

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर येणाऱ्या गाठीला इंग्रजीत ‘बनियन’ म्हणतात. ‘बनियन करेक्टर’ म्हणून ऑनलाइन तीन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात: अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये घालायची सिलिकॉनची गादी, गाठीवर बसणारं जेलचं कव्हर आणि रात्री बांधायचा प्लास्टिकचा स्प्लिंट. पायाच्या अंगठ्याचं ‘हाड वाढलंय’ असं आपण म्हणतो, पण वाढलेलं काही नसतं. पावलाचं पहिलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने कलतं, अंगठा उलटा शेजारच्या बोटावर रेलतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. ते हाड आणि अंगठा यांच्यातला कोन 15 अंशांच्या पुढे गेला की दोष धरतात, 40 च्या पुढे तीव्र.

स्प्लिंटच्या खोक्यावर अंगठा सरळ होण्याचं आश्वासन असतं. ते खरं मानू नका. बांधलेला असेपर्यंत अंगठा सरळ दिसतो. सोडून उभं राहिलं की वजन येतं, बाजूला सरकलेले स्नायुबंध धनुष्याच्या दोरीसारखे ताणले जातात आणि अंगठा होता तिथे परततो. रात्री थोडा आराम पडत असेल तर वापरा, पण पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. मुंग्या आल्या तर लगेच सोडा. तो घालून चालायचं तर मुळीच नाही.

या तीन वस्तूंपैकी पैसे घालायचे ते गादीवर. आधी हाताने अंगठा हळूच सरळ करून बघा. सहज आला तर गादीचा उपयोग होईल. अडकला किंवा कळ आली तर जोर लावू नका, सांधा झिजलेला असू शकतो. जाड गादीने दुसरं बोट बाहेर ढकललं जातं, म्हणून सर्वात पातळ घ्या. पहिले काही दिवस तासभरच. रोज साबणाने धुवा आणि बोटांमधली जागा कोरडी करूनच परत घाला, नाहीतर कातडी पांढरी पडून चिखल्या होतात. कोल्हापुरीच्या अंगठ्यात ही गादी मावत नाही.

निमुळत्या बुटात तर ती उलट त्रास देते, जागा तेवढीच आणि आत एक वस्तू जास्त. म्हणून खरा खर्च चपला-बुटांवर करा. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा, कापा आणि बुटाचा तळवा त्यावर ठेवा. कागद बाहेर डोकावला तर तो बूट नको. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

जेलचं कव्हर गाठ घासण्यापासून वाचवतं, एवढंच.

मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. दाबाने झालेली जखम कळतच नाही. आणि रुंद बूट घालूनही रोजचं चालणं दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. एक्स-रे मात्र उभं राहूनच काढून घ्या, झोपून काढलेल्यात कोन कमी दिसतो.