मॅडम भारी, झेरॉक्स भिकार: नौपाड्यातल्या इंग्लिश लिटरेचर क्लासचा अनुभव

हा क्लास कसा आहे असं सोसायटीच्या ग्रुपवर चार जणींनी विचारून झालं, प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी पण लिहिणारे आणि मुलगी अजून तिथेच जातेय. ठाण्यात नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. शनिवार-रविवार दोन-दोन तास, टर्मचे 28 हजार.

मुलगी अकरावीत, एपी इंग्लिश लिटरेचर देणारे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. यात एक तास एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) आणि मग दोन तासांत तीन निबंध: एक कवितेवर, एक कथा-कादंबरीतल्या उताऱ्यावर आणि एक आपण वाचलेल्या पुस्तकावर. प्रत्येक निबंध 6 मार्कांचा आणि त्यातले 4 मार्क पुस्तकातला पुरावा काय दिलात आणि त्यावर तुमचं स्वतःचं म्हणणं काय, याला. नुसती गोष्ट सांगितली तर हातात फारसं काही पडत नाही. आणि आमच्या बाईसाहेब, म्हणजे लेक, पहिलीपासून गोष्ट सांगण्यातच हुशार! तिचा पहिला निबंध मी वाचला होता, दोन पानं, स्वच्छ अक्षर, मला तर छान वाटला. क्लासच्या मॅडमनी खाली एवढंच लिहिलं होतं, 'हे मी पण वाचलंय. तुला काय दिसलं?' घरी येऊन रडली.

परीक्षेत अमेरिकनच पुस्तकं हवीत असं काही नाही, पण मॅडमचा हात त्यात बसलाय. सुरुवात हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'ने. 1952 चं पुस्तक, छोटंसं, त्यात 84 दिवस मासा न मिळालेला म्हातारा एकटा समुद्रात लांबवर जातो. दुसरं कोणी असतं तर लेखकाचं चरित्र, थीम्स, सिम्बॉल्स अशा नोट्स दिल्या असत्या. यांनी काय केलं तर म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला मध्येच गोळा येतो ना, आणि तो त्या हाताशी बोलतो, त्याला रागावतो, फक्त त्या हातावर अर्धं पान लिहायला सांगितलं. बाकी पुस्तकावर एक अक्षर नाही. मुलगी आठवडाभर स्वतःच्या हाताकडे बघत बसायची, नवरा म्हणाला याचे आपण 28 हजार देतोय का?

पण त्या अर्ध्या पानाचे चार ड्राफ्ट झाले. आणि चौथ्यात पहिल्यांदा मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला, म्हणजे तिने लिहिलं होतं की म्हातारा हातावर चिडतो कारण चिडायला होडीत दुसरं कोणी नाहीच. मला हे सुचलं नसतं. मी तेव्हा पुलंनी केलेला अनुवाद, 'एका कोळियाने', ग्रंथ संग्रहालयातून आणून शेजारी घेऊन बसले होते, तिचं इंग्रजी माझं मराठी असं आमचं आठ दिवस चाललं. (यासाठी तरी फी वसूल झाली असं मी नवऱ्याला सांगितलंय.)

बॅचमध्ये चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा आहे. त्याने सरळ सांगितलं की मॅडम, शहाणा माणूस एकटा एवढ्या लांब जातच नाही, माझे आजोबा याला वेडा म्हणाले असते. आता बाकी मुलं हसली, पण मॅडमनी तोच मुद्दा फळ्यावर घेतला, की लांब जाणं हीच त्याची चूक आहे का, आणि पुस्तकात म्हातारा स्वतः याबद्दल काय म्हणतो ते शोधा. शेवटाकडे तो स्वतःच कबूल करतो की आपण फार लांब गेलो. झालं, पूर्ण दोन तास त्यावर! त्या मुलाचा निबंध बॅचमध्ये सगळ्यात चांगला झाला असं मुलगी सांगते, आणि ती सहसा कोणाचं कौतुक करत नाही.

फिट्झजेराल्डची कादंबरी 'द ग्रेट गॅट्सबी' पण असंच. त्यात खाडीपलीकडे दिसणारा हिरवा दिवा आहे, तर आधी प्रत्येकाने आपल्या खिडकीतून रात्री कुठला दिवा दिसतो ते लिहायचं. घोडबंदरच्या निम्म्या मुलांनी समोरच्या टॉवरवरचा लाल दिवा लिहिला.

आता तक्रारी. बॅच आठची सांगितली होती, दिवाळीनंतर चौदा झाली. आठ जणांचे ड्राफ्ट आठवड्यात तपासून यायचे, आता तीन आठवडे लागतात, तोपर्यंत मुलीला आपण काय लिहिलं होतं तेच आठवत नाही. मॅडमचा जीव ज्या गोष्टीत आहे तिथेच क्लासवाल्यांनी कात्री लावली, याचा राग येतो. झेरॉक्स इतक्या फिक्या की एमिली डिकिन्सनच्या कवितेतल्या डॅश आहेत की मशीनचे डाग हे कळेना, आणि तिच्या कवितेत डॅशच महत्त्वाची! थोरो या निबंधकाराला एकच लेक्चर. लॉरेन हॅन्सबेरीचं नाटक करणार म्हणून सांगितलं होतं, ते राहूनच गेलं, कृष्णवर्णीय लेखकांपैकी लँग्स्टन ह्यूजच्या दोन कविता एवढंच झालं. अमेरिकन लिटरेचर म्हणून शिकवता तर हे बरोबर नाही, मी मॅडमना बोलले पण, त्यांनाही पटतं, वेळ नाही म्हणतात.

अजून एक. सगळं लिखाण क्लासमध्येच, हाताने, मोबाईल बाहेर टोपलीत. का ते समजतं, घरून लिहून आणलं की कोणी लिहिलं कोण सांगणार. पण 2025 पासून ही परीक्षा पूर्ण डिजिटल झालीये, ब्लूबुक नावाच्या अॅपमध्ये निबंध टाइप करावे लागतात. आमच्या बाईसाहेब दोन बोटांनी टाइप करतात. लॅपटॉपवर सराव एप्रिलमध्ये घेऊ म्हणे, आणि परीक्षा मे मध्ये. आम्ही घरीच रोज रात्री अर्धा तास टायमर लावून सुरू केलंय.

गणपतीत दोन रविवार बुडाले त्याची भरपाई नाही, फी परत नाही, हे आधी विचारून घ्या. गाडी घेऊन जाऊ नका, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं.

ज्यांना तयार नोट्स आणि 'हा प्रश्न आला की हे लिहा' असं हवंय त्यांनी इथे पैसे घालवू नका, मुलं वैतागतील. आम्ही पुढच्या टर्मची फी भरलीये, पण मॅडम स्वतः ड्राफ्ट तपासणार का हे आधी तीनदा विचारून. आणि स्पष्ट झेरॉक्स द्या असं पावतीच्या मागे लिहून आलेय.