एमएक्स-फाइव्हच्या भागांवर बांधलेली किट कार: एक पूर्ण सीझन चालवल्यानंतरचा अनुभव

किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून जुन्या गाडीच्या इंजिनावर घरी जोडायची गाडी, बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी किटचे कॅटलॉग चाळायला लागतात. चासी कुणाची, बोनेट कसं दिसतं, फायबरचा रंग कोणता. यात महिने जातात. आणि जिच्या इंजिन-गिअरबॉक्सवर हा सगळा डोलारा उभा राहणार, ती जुनी डोनर गाडी मात्र एखाद्या शनिवारी घाईघाईत उचलली जाते. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी भरपूर चालवून माझं मत पक्कं झालंय की वेळेची ही वाटणी उलटी हवी. बऱ्यापैकी कुठल्याही किटवर भागतं, डोनर मात्र पारखून घ्यावी लागते.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. घराला एका गाडीचं गॅरेज आहे, जिथे आजवर फक्त सायकली आणि भारतातून आलेल्या बॅगा होत्या. किट ब्रिटिश कंपनी लोटसच्या सेव्हन या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची: लांब नाक, उघडी पुढची चाकं, दरवाजे नाहीत, छप्पर नावापुरतं. बनवणारं वर्कशॉप छोटं आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली थोड्या तक्रारीही आहेत. मूळ सेव्हन १९५७ची. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन ती किट म्हणूनही विकत. १९७३ला व्हॅट आला आणि ती पळवाट बंद झाली. त्याच वर्षी सेव्हन केटरहॅम या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीकडे गेली. कर वाचायचा थांबला, पण घरी गाडी बांधायची हौस काही थांबली नाही.

डोनर म्हणून माझ्याकडे माझदा एमएक्स-फाइव्ह आहे, १.८ लिटरची, दुसऱ्या पिढीची. एकेकाळी फोर्ड सिएरा किंवा एस्कॉर्टवर अशा गाड्या बांधत, आता त्या मिळणंच कठीण. एमएक्स-फाइव्ह अजून मिळते आणि स्वस्तात मिळते, त्याचं कारण गंज. छपराचं पाणी वाहून नेणारी भोकं कचऱ्याने तुंबतात, पाणी आत साचतं आणि मागच्या चाकांपुढचे सिल, म्हणजे दरवाजांखालच्या कडा, कुजतात. दुसऱ्या पिढीत इंजिनाखालचे पुढचे चासी रेलही जातात. मग गाडी वार्षिक तपासणीत नापास होते, वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो आणि मालक वैतागून ती काढून टाकतो. आपल्याला मात्र बॉडी नकोच असते. इंजिन पुढे, मागची चाकं ओढणारी, चारही चाकांना डबल विशबोन (दोन आडव्या दांड्यांचं) सस्पेन्शन, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची फ्रेम, एवढं सगळं एका जागी मिळतं.

पण ती चालती बघा आणि स्वतः चालवून घ्या. थंड इंजिनाचा आवाज ऐका, दुसरा गिअर खरखरतो का ते बघा, कूलंट तपासा. भंगारातून इंजिन एकीकडून आणि डिफ दुसरीकडून आणलं तर दोन पैसे वाचतील, पण नंबरप्लेटच्या वेळी अडचण होते. डीव्हीएलएच्या (ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याच्या) नियमाप्रमाणे नव्या किट चासीबरोबर एकाच मूळ गाडीचे किमान दोन मुख्य भाग असतील, तर त्या गाडीच्या वयाचा नंबर मिळू शकतो. ते दाखवता आलं नाही की क्यू प्लेट, म्हणजे गाडीचं वय नक्की नाही असं सांगणारी क्यू अक्षराची नंबरप्लेट येते, आणि विकताना ती प्लेट बघून गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. त्यामुळे अख्खी गाडी, तिच्या लॉगबुकासकट (नोंदणीच्या कागदासकट), एकाच मालकाकडून घ्या.

गाडी उघडायला लागलात की गॅरेजची खरी लांबी-रुंदी कळते. बॉडी बाहेर जाईपर्यंत गाडी तिप्पट जागा खाते. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सोडवण्याआधी फोटो, हे सगळेच सांगतात आणि बरोबरच सांगतात. आटे गेलेले आणि जाम झालेले बोल्ट निघतीलच. त्यासाठी गॅस टॉर्च आणि लांब दांड्याचा पाना हवा, नुसत्या स्प्रेवर विसंबू नका. चांगला टॉर्क रेंच, चार दणकट ॲक्सल स्टँड आणि भाड्याने आणलेला इंजिन होइस्ट यांत कंजुषी नको. बाकी हत्यारं साधी चालली.

किटमध्ये काय आलं? चासीचं वेल्डिंग उत्तम होतं, मापं बरोबर बसली. फायबरच्या मागच्या विंग (मडगार्ड) मात्र डाव्या-उजव्या सारख्या नव्हत्या, तासून घ्याव्या लागल्या. माहितीपुस्तिकेबद्दल न बोललेलंच बरं. अर्धी पानं आधीच्या मॉडेलची, आणि ब्रेक पाइप कुठून न्यायचे याचा एकच धूसर फोटो. फोनवर विचारलं की माणूस सगळं नीट सांगतो, पण तो दुपारनंतरच फोन उचलतो.

वायरिंगला सगळे घाबरतात. माझदाचा हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, सोलून छोटा करणं हे चिकाटीचं काम आहे, अवघड नाही. खरी गंमत अर्थिंगची. मूळ गाडीची लोखंडी बॉडी स्वतःच अर्थ असते. इथे बॉडी फायबरची आणि चासीवर पावडर कोटिंग, दोन्हींतून वीज जात नाही. दिवे मंद, इंडिकेटर लावला की ब्रेकलाइट लुकलुकतो, अशा तक्रारींचं मूळ नव्वद टक्के इथेच असतं. कोटिंग खरवडून उघड्या धातूवर अर्थ पॉइंट घ्या आणि इंजिनला स्वतंत्र जाड पट्टी द्या.

मग आयव्हीए, म्हणजे डीव्हीएसए या सरकारी वाहन तपासणी संस्थेची, रस्त्यावर आणण्याआधीची एकेका गाडीची तपासणी. २००९पासून हौशी बांधणीच्या गाड्यांनाही ती लागते. ती शेवटची पायरी समजू नका, पहिला रिव्हेट मारायच्या आधी तिचं मॅन्युअल वाचून काढा. हाताला किंवा डोक्याला लागू शकेल अशी कुठलीही धार चालत नाही, कडेला किमान २.५ मिलिमीटरची गोलाई हवी. म्हणून अशा गाड्यांवर जिथे-तिथे काळी रबरी पट्टी दिसते. सायलेन्सरचा आवाज ९९ डेसिबलच्या आत हवा. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. आणि वळण घेऊन हात सैल सोडला की स्टिअरिंगने आपणहून सरळ यायला हवं. हलक्या गाडीत हे सहज होत नाही, कॅस्टर (पुढच्या चाकाच्या स्टिअरिंग-अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवावा लागतो. परीक्षक कडक होता पण समजावून सांगणारा होता, आणि त्याला गाड्यांची खरी आवड होती हे दिसत होतं.

आता चालवण्याचं. मूळ माझदा टनभर वजनाची, ही साडेसहाशे किलोच्या आसपास. तेच इंजिन, पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की शेजारचा माणूस मराठीतून देवाचं नाव घेतो. इतक्या महिन्यांत इंजिन, गिअरबॉक्स, डिफ, हब यांनी एकदाही त्रास दिला नाही. जे त्रास झाले ते किटचे: मागच्या विंगला चाकांनी उडवलेल्या खड्यांनी तडे, एक्झॉस्टशेजारच्या पायाला भट्टीसारखी धग, आणि दर काही शेकडा मैलांनी पाना घेऊन घट्ट करायचे तेच ते नट. मोटरवेवर कंटाळा येतो, ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही. पीक डिस्ट्रिक्टच्या घाटवाटांवर मात्र दुसरी गाडी नको वाटते. बायकोला पाऊस नसेल तेव्हाच आवडते, म्हणजे इंग्लंडात फारशी नाही.

पुण्याचे मित्र विचारतात, इकडे जमेल का? रस्त्यावर न्यायची असेल तर नाद सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपलीकडचे बदल चालत नाहीत, आणि घरी बांधलेल्या एकुलत्या गाडीसाठी इथल्या आयव्हीएसारखी सोपी वाट तिकडे नाही. तरी सेव्हनची हौस आपल्याकडे झालीच नाही असं नाही. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने ॲम्बॅसडरमधलं १.८ लिटरचं इसुझू इंजिन घालून असाच रोडस्टर काढला होता. जुना एखादा विकायला आला तर जरूर बघून या.

खर्च डोनर धरून दहा हजार पौंडांच्या आतबाहेर. विकली तर तेवढे परत येणार नाहीत. त्यातल्या त्यात बरी किंमत हवी असेल तर प्रत्येक पावती आणि बांधणीचे फोटो तारखेनिशी एका फाइलमध्ये ठेवा. नोंदणीच्या वेळी ती लागतेच, आणि पुढचा मालकही आधी तीच मागतो.