पक्ष्यांचे फोटो सॉफ्ट येतात: नवी लेन्स, टेलिकन्व्हर्टर की आहे तेच नीट वापरायचं?

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर खंड्या अगदी झकास दिसतो आणि संगणकावर मोठा करून पाहिला की पिसांच्या रेघा कुठेच नसतात. असं चार-पाच वेळा झालं की माणूस खरेदीच्या विचाराला लागतो. एफ ४ ची मोठी लेन्स घ्यावी (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो), १.४ चा टेलिकन्व्हर्टर लावावा (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून पक्षी तितक्या पट मोठा करणारं भिंग) की नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, घालवणारं सॉफ्टवेअर घ्यावं? तिन्हींचे उपयोग वेगवेगळे आहेत. फोटो नेमका कशामुळे बिघडतोय ते न पाहता यातलं काहीही घेतलं, तर पैसे जातात आणि फोटो तसाच येत राहतो.

म्हणून आधी बिघडलेला एक फोटो १०० टक्क्यांवर (फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलएवढा) पाहा आणि पक्ष्याच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका बघा. ठिपक्याची बारीक रेघ झाली असेल आणि फांदीही त्याच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर कॅमेरा हलला. फांदी शार्प आणि फक्त ठिपका ओढलेला, तर पक्ष्याने मान हलवली. ठिपका गोल फुगलेला आणि पुढचं पान किंवा मागची काटकी कोरीव असेल, तर फोकस चुकला. ठिपका जागच्या जागी, कडा शाबूत, पण सगळीकडे दाणे दिसतात, तर तो नॉइज. आणि एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून ठेवून सलग काढलेल्या फोटोंमधल्या) एका फ्रेममध्ये ठिपका नीट, पुढच्यात फाटलेला, त्याच्या पुढच्यात पुन्हा बरा, असं असेल तर दोष बहुधा मधल्या तापलेल्या हवेचा.

सर्वांत जास्त फोटो पहिल्या दोन कारणांनी जातात आणि त्यावर खर्च शून्य आहे. निवड असते ती कमी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) आणि जास्त शटर स्पीड यांच्यात. नॉइजच्या धास्तीने लोक आयएसओ ८०० वर अडून बसतात आणि शटर १/४०० सेकंदावर येतो. त्याच उजेडात, त्याच अ‍ॅपर्चरला आयएसओ ३२०० केला तर १/१६०० मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: १/१६०० चा फोटो घ्या. दाणे नंतर बरेचसे कमी करता येतात. हललेलं पीस परत आणता येत नाही, सॉफ्टवेअर तिथे स्वतःच्या मनाने पोत भरतं आणि ते प्लॅस्टिकसारखं दिसतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, शिंजीराची मान नाही. बसलेल्या चपळ पक्ष्याला १/१००० च्या आसपास, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून वर ठेवावं. आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळोखा फोटो काढायचा आणि मग उजळवायचा, यातही काही वाचत नाही. सावलीतला सगळा नॉइज वर येतो. फक्त बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर त्याची पिसं जळू नयेत एवढं एक्स्पोजर खाली घ्या.

आता टेलिकन्व्हर्टर की क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापून पक्षी मोठा करणं. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो, म्हणजे निम्मा; २ चा दोन स्टॉप. म्हणजे ६०० मिमी एफ ६.३ ची झूम लेन्स ८४० मिमी एफ ९ होते. बऱ्याच डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) ऑटोफोकस एफ ८ च्या पुढे, काहींचा तर एफ ५.६ च्याच पुढे, व्ह्यूफाइंडरमधून चालत नाही. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) चालतो, पण सांजवेळी चाचपडतो. शिवाय लेन्सचे बारीक दोषही मोठे होतात. त्याऐवजी २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढाच क्रॉप केला तर सुमारे १२ मेगापिक्सेल उरतात, आणि चांगल्या छपाईलाही ते पुरतात. एफ ४ ची प्राइम (झूम न होणारी लेन्स) असेल तर १.४ चा कन्व्हर्टर खुशाल लावा. एफ ६.३ च्या झूमवर मी क्रॉपच सुचवेन.

नवी लेन्स घेण्याआधी जुनी तपासा. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, टायमर, आणि तुम्ही पक्षी टिपता साधारण तेवढ्या अंतरावर छापील मजकुराचा कागद. लेन्ससमोर फिल्टर असेल तर काढा. स्वस्त फिल्टर लांब लेन्सचा चांगलाच घात करतो. डीएसएलआर असेल तर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो शार्प आणि दुसरा सॉफ्ट आला, तर लेन्स चांगली आहे, फक्त ऑटोफोकसचं सूक्ष्म समायोजन हवं. कागदाची एकच बाजू सतत सॉफ्ट येत असेल तर आधी कागद लेन्सला समांतर आहे ना ते पाहा. तो सरळ असेल तर लेन्स सर्व्हिसिंगला द्या. दोन्ही फोटो सॉफ्ट आणि एफ ८ ला सुधारतात, तर ती त्या लेन्सची मर्यादा. तेव्हाच नव्या लेन्सचा विचार रास्त.

मोठी लेन्स खरोखर देते ती पहाटेच्या आणि दाट झाडीतल्या उजेडात. एफ ६.३ वरून एफ ४ वर आलात तर आयएसओ ६४०० च्या जागी २५०० पुरतो. हा फरक डोळ्यांना दिसतो. मात्र सध्याच्या ६०० मिमी एफ ४ लेन्स तीन किलोच्या घरात आहेत आणि फोकसला चूक चालत नाही: फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) १० मीटरवरच्या पक्ष्याला एफ ६.३ ला साधारण १० सेंमी खोली शार्प मिळते, एफ ४ ला ६-७ सेंमी. ज्याचा फोकस आज पानांवर जातोय, त्याचा या लेन्सवर जास्तच जाईल. दाट फांद्यांमध्ये डोळा ओळखणारा ऑटोफोकस भरकटला तर एकच लहान पॉइंट वापरा, फरक लगेच कळेल.

तापलेल्या हवेवर मात्र यातलं काहीच चालत नाही. दुपारी पाण्यावरून, डांबरावरून किंवा उघड्या माळावरून दूरचा पक्षी टिपताना लांब लेन्स ती थरथरसुद्धा मोठी करते. शटर वाढवून उपयोग नाही. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद करा आणि काचा उघडून आतली-बाहेरची हवा सारखी होऊ द्या. बाकी उपाय दोनच: सकाळी लवकर जाणं आणि पक्ष्याला न बिथरवता अंतर कमी करणं. अंतर कमी झालं की क्रॉप आणि कन्व्हर्टर हा प्रश्नही बऱ्याचदा उरत नाही.

दोन कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी लावून पाहणार असाल तर १०० टक्क्यांवर पाहू नका. ४५ मेगापिक्सेलचा फोटो तिथे २४ च्या फोटोपेक्षा जास्त मोठा होऊन दिसतो आणि उगाच सॉफ्ट वाटतो. दोन्हींमधला पक्षी एकाच आकाराचा करा, मग ठरवा.