अमेरिकेचा इतिहास शिकवताना वापरलेली डिजिटल व छापील साधने : एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव

न्यू जर्सीमधील एका पब्लिक स्कूलमध्ये मी आठवीच्या वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकवते. सप्टेंबर ते जून असे पूर्ण वर्ष मी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे शिक्षकांसाठीचे दालन, नॅशनल अर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागाराचे ‘डॉक्सटीच’ हे संकेतस्थळ, डिजिटल इन्क्वायरी ग्रुप या संस्थेचे इतिहासाचे पाठ आणि एका विक्रेत्याकडून विकत घेतलेला कृतिपत्रिकांचा संच, अशी चार प्रकारची साधने वापरली. पहिली तिन्ही मोफत आहेत.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विश्लेषणपत्रिकेत तीनच रकाने असतात : काय दिसते, त्यावरून काय वाटते आणि काय विचारावेसे वाटते. प्रथमदर्शनी ती फारच साधी वाटली. पण वर्षअखेर सर्वाधिक प्रती तिच्याच निघाल्या होत्या. बोस्टनमध्ये ५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराचे पॉल रिव्हिअर याने कोरलेले प्रसिद्ध चित्र मी तिच्यासोबत दिले. शाळेचे छपाईयंत्र कृष्णधवल असल्याने ब्रिटिश सैनिकांचे लाल कोट आणि जमिनीवरचे रक्त एकाच करड्या रंगात उमटले, आणि मुलांचा पहिला अर्धा तास कोण कोणत्या बाजूचे हे ओळखण्यातच गेला. दुसऱ्या तुकडीपासून मी चित्र पडद्यावर मोठे करून दाखवू लागले, सहा रंगीत प्रती लॅमिनेट करून घेतल्या आणि छापली ती फक्त तीन रकान्यांची पत्रिका. मग मात्र तलवार उगारलेला कॅप्टन प्रेस्टन, एका रेषेत उभे राहून बार काढणारे सैनिक आणि मागच्या इमारतीवरची ‘बुचर्स हॉल’, म्हणजे खाटीकखाना, ही पाटी मुलांना आपसूक दिसली. याच प्रकरणात पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने सैनिकांचे वकीलपत्र घेतले, प्रेस्टन आणि सहा सैनिक निर्दोष सुटले आणि दोघांवर केवळ सदोष मनुष्यवधाचा ठपका आला, हे सांगितल्यावर एका मुलीने तिसऱ्या रकान्यात लिहिले : “मग हे चित्र कोणाला दाखवण्यासाठी काढले?” माझ्या मते त्या दिवशीचा पाठ तिथेच पुरा झाला होता.

डिजिटल इन्क्वायरी ग्रुपचे पाठ अधिक आखीव आहेत. पोकाहॉन्टस या मूलनिवासी मुलीने जॉन स्मिथ या इंग्रज वसाहतकाराचे प्राण वाचवले का, हा त्यांतील पाठ मी तीन तुकड्यांना दिला. स्मिथच्या १६०८ च्या वृत्तान्तात त्या प्रसंगाचा उल्लेखच नाही आणि १६२४ च्या वृत्तान्तात तो रंगवून सांगितलेला आहे. दोन्ही उतारे शेजारीशेजारी ठेवले की अस्सल साधनही पारखून घ्यावे लागते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उतारे संक्षिप्त आणि भाषा सोपी केलेली असते, पण मूळ मजकूरही सोबत मिळतो. फाइलमध्ये हवे ते बदल करता येतात, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

डॉक्सटीचवरील कागदपत्रे कालक्रमाने लावण्याच्या कृती मुलांना आवडल्या. जुने वळणदार हस्ताक्षर आजच्या मुलांना वाचता येत नाही, त्यामुळे टंकलिखित प्रत सोबत नसेल तर ती आदल्या रात्री आपणच तयार करावी लागते, एवढा वेळ मात्र हाताशी ठेवावा.

विकतच्या संचाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पाने देखणी होती. परंतु गुलामगिरीवरील पानावर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या १८६३ च्या मुक्तिघोषणेने देशातील सर्व गुलाम मुक्त झाले, असे ठोकून दिले होते. ती घोषणा यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या बंडखोर राज्यांपुरती होती. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही संघराज्यात राहिलेली गुलामगिरीची राज्ये तिच्या कक्षेत नव्हती, आणि देशभर गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. फाइल कुलूपबंद असल्याने चुकीच्या वाक्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून मला झेरॉक्स काढाव्या लागल्या. शिवाय परवाना एकाच शिक्षकापुरता असल्याने शेजारच्या वर्गातील सहकाऱ्यालाही ते पान देता आले नाही.

देवाणघेवाणीतला पहिला धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सामायिक ड्राइव्हवरील कृतिपत्रिकेचा संपादनाचा दुवा मी थेट मुलांना पाठवला आणि तास संपेपर्यंत सव्वीस जणांनी एकमेकांची उत्तरे पुसून टाकली होती. गूगल डॉक्सच्या दुव्याच्या शेवटी ‘एडिट’ऐवजी ‘कॉपी’ लिहिले की प्रत्येकाला स्वतंत्र प्रत घ्यावी लागते. तेव्हापासून मुलांना काय किंवा सहकाऱ्यांना काय, मी हाच दुवा देते.

पुण्यात केंब्रिजच्या आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाचा इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही मी ही पाने पाठवते, कारण त्यात १९१९ ते १९४१ मधील अमेरिका हा स्वतंत्र विषय आहे. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेले स्थलांतरित मातेचे छायाचित्र सरकारी कामाचा भाग असल्याने त्यावर स्वामित्वहक्काची अडचण नाही. त्याच वेळची इतर छायाचित्रेही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात असल्याने छायाचित्रकाराने चौकट कशी निवडली, यावर चांगली चर्चा होते. अडचण आली ती कागदाची. अमेरिकेतील ‘लेटर’ कागद ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद, त्यामुळे माझा उजवीकडचा रकाना तिच्याकडे कापला जाई. आता मी समास वाढवून पीडीएफ पाठवते. तिने उलट मला डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रावर एक सुरेख पान करून पाठवले. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील संग्रहात जालावर पाहता येते आणि टंकलिखित असल्याने मुलांना सहज वाचता आले. ए-फोर आमच्या कागदापेक्षा लांब, हे मात्र छापताना आम्हा दोघींच्याही लक्षात राहिले नाही, आणि तिचा शेवटचा प्रश्न मला फळ्यावर लिहावा लागला.