रंगकामासाठी शिकाऊ मुलगा: गावाकडचा कोरा की आयटीआयचा?

ठिय्यावरून, म्हणजे मजुरांच्या नाक्यावरून, रोजीने आणलेला हेल्पर मी या तुलनेत धरलेला नाही, कारण तो उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे असतो आणि त्याला शिकवण्याचा प्रश्नच येत नाही. दोन-तीन वर्षांत ज्याचा मिस्त्री व्हावा असा मुलगा नेमायचा असेल, तर ओळखीतून आलेला गावाकडचा कोरा मुलगा घ्यावा की ‘पेंटर जनरल’ हा ट्रेड पूर्ण केलेला आयटीआयचा, एवढाच प्रश्न आहे. मी नागपुरात सहा माणसांची टोळी चालवतो आणि दोन्ही प्रकारचे मुलगे ठेवून पाहिले आहेत. मोठ्या ठेकेदारांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

हाताच्या बाबतीत कोरा मुलगा सरस ठरला, हे आधीच मान्य करतो. उमरेडकडच्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिले दोन महिने मी घासाईशिवाय काही दिले नाही: भिंतीला लागून बाजूने दिवा धरायचा, पुट्टीतली लाट शोधायची आणि ती बोटांनी पडताळायची. तिसऱ्या महिन्यात पुट्टी लावायची पत्ती हातात दिली तेव्हा त्याला मोडण्यासारखी एकही चुकीची सवय नव्हती. आयटीआयच्या मुलाला स्प्रे गन, लोखंडावरचा प्रायमर, रंगांची मिसळण हे सगळे येत होते. पण बेशातल्या फ्लॅटची लांब भिंत रोलरने सलग ओढताना तो मध्येच थांबून मागे पाहत असे, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना इमल्शन इतके झपाट्याने वाळते की थांबल्या जागी जोड उमटल्याशिवाय राहत नाही. ही खोड जायला चार महिने लागले.

एका गोष्टीत मात्र त्याला सांगावे लागले नाही. महाल भागातल्या जुन्या घराचा ऑइल पेंट खरवडताना त्याने आपणहून मास्क लावला आणि पृष्ठभाग ओला करून घासला. घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते हे त्याच्या डोक्यात पक्के होते. कोऱ्या मुलाला मास्कची रोज आठवण करून द्यावी लागे.

कागदपत्रांचा बाऊ करण्याचे कारण नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे आहे, चार माणसांपासून पुढच्या लहान टोळीला ते ऐच्छिक आहे. आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत बसल्यास ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलते. एवढ्या रकमेवरून कोणी निर्णय घ्यावा असे मला वाटत नाही.

माझा निर्णय झाला तो सोयाबीनमुळे. आपल्याकडे रंगकामाची खरी घाई दसरा ते दिवाळी, आणि सोयाबीनची सोंगणी नेमकी त्याच दिवसांत. धरमपेठेतल्या एका घराच्या तीन खोल्या प्रायमर मारून तयार होत्या, घरमालकांना लक्ष्मीपूजनाआधी सामान लावायचे होते आणि सकाळी उमरेडकडच्या त्या मुलाचा फोन आला: “काकाजी, बाबा एकटेच आहेत, पाऊस यायच्या आत काढून घेतो.” त्याच्या वडिलांच्या जागी मी असतो तर मीही मुलाला बोलावले असते, म्हणून रागावताही येईना, छताचे दोन्ही हात मी स्वतः रात्री दिवे लावून मारले. पुढच्या वर्षी त्याने पोळ्यालाच शब्द दिला आणि दसऱ्यानंतर तो पुन्हा गेला. सोंगणीची तारीख आभाळ ठरवते, ती कोणाच्या शब्दाने हलत नाही.

आयटीआयचा मुलगाही सुट्ट्या घेतोच, रेल्वेच्या आणि कंपन्यांच्या परीक्षा देत असतो, आणि एखाद्या दिवशी नोकरी लागून तो जाईल हेही मला दिसते आहे. पण हॉल तिकिटावर तारीख छापलेली असते आणि ती पाहून मी माणसे फिरवू शकतो. ज्यांचे काम मुख्यतः उन्हाळ्यातल्या बाहेरच्या भिंतींचे असेल त्यांनी कोरा मुलगा खुशाल घ्यावा, हाताने तो बहुधा निराश करणार नाही. माझे निम्मे काम दिवाळीचे असल्याने यंदा निकाल लागताच मी आयटीआयमध्ये विचारून आलो आहे.